शिकवणाऱ्यांना कोण शिकवणार?

पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून २०२५ साली महाराष्ट्र पेटला. एप्रिलमधला निर्णय शासनाला जूनअखेर रद्द करावा लागला. ठीकच झाले. पण मेळघाटात कोरकू बोलणारे लेकरू पहिल्या दिवशी शाळेत बसते, तेव्हा त्याला मराठीच परकी असते, याची आठवण किती जणांना झाली?

इंग्रजीला आमचा विरोध नाही. तिला विरोध करणाऱ्यांची मुले कुठे शिकतात, हे वस्तीला ठाऊक आहे! परंतु २००० साली पहिलीत इंग्रजी आली, ती गुरुजींच्या तयारीवाचून. मुले घोकतात, अर्थ कळत नाही.

मुलाकडून त्याच्या बोलीत गोष्ट ऐकायची, तीच फळ्यावर लिहायची, त्या ओळखीच्या शब्दांवरून वाचनाकडे आणि मग प्रमाण मराठीकडे न्यायचे. हे कसब गुरुजींना देणारा माणूस म्हणजे डाएटचा अधिव्याख्याता. त्याचा दिवस मात्र माहितीचे तक्ते, बैठका आणि प्रशिक्षणाचे अहवाल यांतच सरतो. शेजारच्या रिकाम्या खुर्चीचे कामही त्याच्याच माथी.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी शिक्षक प्रशिक्षित हवा, तो शेतकरी वर्गातून यावा आणि त्याला किमान १२ रुपये, मोठ्या गावी १५ ते २० रुपये पगार असावा, असे आकड्यांनिशी मांडले होते. शासनाने डाएटमधील रिक्त पदे तातडीने भरावीत. भरताना कोरकू, गोंडी, भिली जाणणाऱ्या आदिवासी शिक्षकांना आधी बोलवावे.