न जाणाऱ्यांचा दक्षिण ध्रुव

जबलपूर शहराच्या पूर्वेला रांझी नावाची वस्ती आहे. संरक्षण खात्याच्या कारखान्यांच्या आधाराने ती वाढली. कारखान्यांच्या भोंग्यांवर तिथल्या कित्येक कुटुंबांचे दिवस उगवले आणि मावळले. नागपूरकर भोसल्यांचा अंमल जबलपुरावरून १८१७ च्या अखेरीस उठला, पण मराठी माणसे मागे राहिली आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने नवीही आली. अशा एखाद्या घरी दिवाळी अंक येतो, आणि अलीकडे त्यात एक लेख हटकून सापडतो: अंटार्क्टिकाच्या सहलीचा. उशुआया बंदरातून निघालेली आलिशान बोट, ड्रेक सामुद्रधुनीतील दोन दिवसांची मळमळ, मग हिमनगांचे ‘स्वर्गीय’ दर्शन, काळे कोट घातलेल्या वाढप्यांसारखे पेंग्विन, सातव्या खंडावर पाऊल टेकल्याचा उमाळा आणि शेवटी तिरंग्यासह छायाचित्र. रांझीतला वाचक अंक मिटतो. त्याच्या हाती काय लागले, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

वास्तविक हाच प्रश्न प्रथम विचारावयास हवा. जो गेला त्याला प्रवासवर्णनाची गरज नसते. त्याच्यापाशी प्रवास असतो. प्रवासवर्णन असते ते न गेलेल्यासाठी, आणि विशेषतः जो कधीच जाणार नाही त्याच्यासाठी. लेखकाने पाहिलेले जग त्या वाचकाच्या मालकीचे करून देणे, हे या वाङ्मयप्रकाराचे पहिले आणि बहुधा एकमेव कर्तव्य होय. ध्रुवीय सहलीवरील मराठी लेखन हे कर्तव्य विसरले आहे. ते वाचकाला दोनच भूमिका देऊ करते: एक हेवा करणाऱ्याची आणि दुसरी भावी गिऱ्हाइकाची.

मराठीची परंपरा अशी नव्हती. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते घरावरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून. सत्तावनच्या वणव्यात सापडले, लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन परतले. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून निघाला तेव्हा झाशीचा वेढा ज्यांनी पाहिला नव्हता अशा प्रत्येकाच्या अनुभवात तो वेढा जमा झाला. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० चे. विलायतेला जाणे त्या काळी फार थोड्यांना शक्य होते. तरीही त्या पुस्तकाने विलायत चाळीतल्या माणसाच्या ओसरीवर आणून ठेवली, कारण लेखक आपली चाळ बरोबर घेऊनच तिकडे गेला होता. परक्या देशाकडे पाहताना आपले घर नजरेआड न होऊ देणे, हे या दोन्ही पुस्तकांचे बळ आहे. बोटीवरचा आजचा लेखक घर मागे ठेवून जातो आणि परततो तेव्हा घराकडे पाहतही नाही.

हा दोष केवळ प्रतिभेचा म्हणून सोडून देता येणार नाही. तो त्या सहलीच्या रचनेतच आहे. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या बोटीला अंटार्क्टिकावर माणसे उतरवता येत नाहीत. एका ठिकाणी एका वेळी शंभरांहून अधिकांना उतरता येत नाही. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहावे लागते. उतरण्यापूर्वी बूट जंतुनाशकात बुडवावे लागतात आणि परतताना एक खडाही खिशात घालता येत नाही. हे नियम योग्यच आहेत. परंतु ज्या लेखात त्यांचा उल्लेख येतो तिथे तो शाळेच्या सहलीतील शिस्तीसारखा, गमतीचा विषय म्हणून येतो. बूट का धुवायचे? पक्ष्यांच्या साथीचा घातक विषाणू २०२३ च्या अखेरीस दक्षिण जॉर्जिया बेटावर आणि २०२४ च्या आरंभी अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर आढळला, हे त्या वाक्याच्या जोडीला आले असते, तर रांझीतल्या वाचकाला त्या धुतलेल्या बुटांचा अर्थ कळला असता. तो कळवणे हेच तर लेखकाचे काम. मोसम एक, द्वीपकल्प एक, उतरण्याच्या जागा ठरलेल्या. अशा स्थितीत दहा लेखकांनी एकच लेख दहा वेळा लिहावा, यात नवल नाही. जे डोळ्यांना दिसले तेवढेच लिहिले की सर्वांना सारखेच दिसते. भेद पडतो तो लेखक काय जाणून गेला आणि काय विचारून आला, यात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. गोऱ्यांनी शंभर वर्षे पृथ्वी पालथी घातली. आता कुठे मराठी मध्यमवर्गाच्या हाती चार पैसे आले, तर लगेच त्याला पर्यावरणाचे कीर्तन का ऐकवायचे? आक्षेपात तथ्य आहे आणि तो टोलवून लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. जन्मभर बचत करून एखाद्या निवृत्त शिक्षिकेने बर्फाचा खंड पाहिला, तर तिच्या आनंदावर कोणाचा हक्क नाही. मात्र आनंद खाजगी असतो आणि लेख सार्वजनिक. ती जेव्हा लिहिते तेव्हा ती साक्षीदार होते, आणि साक्षीदाराला अर्धी गोष्ट सांगण्याची मुभा नसते. २०२३-२४ च्या मोसमात सुमारे १ लाख २२ हजार पर्यटक त्या खंडाकडे गेले. तीस वर्षांपूर्वी ही संख्या एका मोसमात सात हजारांच्या आसपास होती. बोटी, विमाने आणि जनित्रे यांच्या धुरातील काजळी शुभ्र पृष्ठभागावर बसते, ऊन शोषते आणि खालचा बर्फ वितळवते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा हिशेब दर पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ असा मांडला आहे. ‘वितळण्यापूर्वी पाहून घ्या’ असे ज्या जाहिरातीत सूचित असते, ती जाहिरात त्या वितळण्याचाच एक भाग आहे. ही विसंगती कोणत्याही कादंबरीकाराला मोहात पाडील अशी. आपल्या प्रवासलेखकाला ती दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे. जो पाहतो तोच रक्षण करतो. प्रत्येक प्रवासी अंटार्क्टिकाचा वकील होऊन परततो, असे सहलींचे चालक सांगतात. हा युक्तिवाद तपासण्याची कसोटी सोपी आहे: वकिलाने केलेले वकिलीपत्र दाखवावे. मे २०२४ मध्ये अंटार्क्टिक करारातील राष्ट्रांची सेहेचाळिसावी बैठक आपल्याच देशात, कोचीला भरली आणि तिथे पर्यटनाच्या नियमनाची चौकट आखण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यापूर्वीच जे मराठी प्रवासी पेंग्विनांचे वकील होऊन परतले होते, त्यांच्यापैकी कितींनी त्या बैठकीवर मराठीत चार ओळी लिहिल्या? २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राकाठच्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत सम्राट पेंग्विनांची त्या मोसमातील पिल्ले एकूण एक नाहीशी झाल्याचे उपग्रहांच्या चित्रांवरून दिसून आले. पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसे येण्यापूर्वीच त्यांच्या पायांखालचा समुद्री बर्फ फुटला होता. वाढप्याच्या कोटाची उपमा या ठिकाणी काय कामाची? ज्या उपमेत पिल्लाच्या मृत्यूला जागा नाही, ती उपमा पेंग्विनाची नसून प्रेक्षकाच्या करमणुकीची आहे.

पेंग्विन म्हणजे बर्फ, ही समजूतही त्याच आळसाची. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये आणलेले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. ते पेरू आणि चिली यांच्या किनाऱ्यावरचे, उजाड खडकांवर राहणारे पक्षी, बर्फाशी त्यांचा संबंध नाही. तिकीट काढून काचेपुढे उभ्या राहिलेल्या पोरांच्या मनात मात्र हिमप्रदेश असतो. पोरांचा दोष नाही. त्यांना सांगणारे गद्य मराठीत पुरेसे नाही.

साहित्य नव्हते म्हणावे तर तसेही नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या भूमीवर उतरली. १९८३ च्या तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. पंत नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंतांच्या कन्या, पुणे विद्यापीठाच्या पदवीधर. सेनगुप्तांनी आपला अंटार्क्टिका बंगालीत लिहिला आणि बंगाली वाचकाने तो डोक्यावर घेतला. अदिती पंतांनी जे पाण्यात शोधले, समुद्रातील सूक्ष्म जीव आणि त्यांवर उभी असलेली तिथली सारी अन्नसाखळी, ते किती मराठी घरांत पोचले? ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्को येथे आहे. मराठी माणसाला अंटार्क्टिकाची पायरी उशुआयाला शोधावी लागत नाही. आपल्या अंकांनी मात्र शास्त्रज्ञाच्या दारी न जाता सहलीच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवला.

आणि आता पुन्हा रांझी. ज्या विराट भूखंडातून अंटार्क्टिका वेगळा झाला त्याला ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ड स्युस यांनी १८८५ मध्ये गोंडवानालँड हे नाव दिले. हे नाव गोंडांच्या मुलखाचे आहे, आणि ज्या गढा-मंडला राज्यावर राणी दुर्गावती राज्य करीत होती त्यातले गढा आज जबलपूर शहरातच मोडते. जबलपुरातल्या बडा शिमला टेकडीवर १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना प्रचंड हाडे सापडली. रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये त्या प्राण्याचे टायटनोसॉरस इंडिकस असे नामकरण केले, आणि १८९३ मध्ये त्याच लायडेकरांनी त्याचे भाऊबंद अर्जेंटिनातील पॅटागोनियात ओळखले. ज्या देशातून पेंग्विन पाहण्याच्या बोटी सुटतात, त्याच देशाशी जबलपूरच्या टेकडीचे हे नाते आहे. रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे सोबती १९१२ मध्ये ध्रुवावरून परतताना मृत्यू पावले; त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड सापडले, आणि त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिसची पाने होती. हीच पाने मध्य भारतातील कोळशाच्या थरांत आढळतात. मरणाच्या वाटेवरही त्या माणसांनी ओझे टाकले नाही, कारण तो पुरावा होता.

बर्फ पाहायचाच असेल तर आणखी एक ठिकाण आहे. चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडीच्या पृष्ठभागावर समांतर ओरखडे आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, ही भूमी दक्षिण ध्रुवाच्या आसपास असताना, तिच्यावरून सरकणाऱ्या हिमनदीने पोटाशी धरलेल्या दगडांनी ते कोरले. विदर्भात, उन्हाळ्यात पारा शेहेचाळीसवर जातो त्या जिल्ह्यात, हिमयुगाचे हस्ताक्षर आहे. अंटार्क्टिकाच्या मराठी वर्णनात इरईचे नाव येत नाही, ही त्या वर्णनावरील सर्वांत कडक टीका होय. कारण ज्याने इरई जाणली त्याला हिमनग केवळ शुभ्र दिसणार नाही. तो खाली काय खरवडत आहे, हे त्याच्या मनात येईल. आणि न गेलेल्या वाचकालाही मग स्वतःच्या अंगणापासून ध्रुवापर्यंत जाणारी वाट मिळेल.

अशी वाट चालून दाखवणारा लेखक जबलपुरातच होऊन गेला. अमृतलाल वेगड यांनी वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, १९७७ मध्ये, नर्मदेच्या काठाने चालावयास आरंभ केला आणि पुढची कित्येक वर्षे ते टप्प्याटप्प्याने चालत राहिले. त्यांच्या नर्मदेवरील गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; २०१८ मध्ये ते निवर्तले. त्यांनी घराजवळची नदी पाहिली म्हणून ते थोर, असा याचा अर्थ नाही. दूर जाणे हे पाप नाही आणि घरी बसणे हे पुण्य नाही. ते थोर ठरले कारण जो कधीच परिक्रमा करणार नाही अशा वाचकाच्या पायांना त्यांनी वाळू लावली. त्यांच्या पुस्तकाने कोणाला तिकीट काढावयास लावले नाही.

म्हणून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या मराठी लेखकाने जरूर जावे, पण निघण्यापूर्वी एकदा बडा शिमला टेकडी चढावी, इरईच्या दगडावर हात फिरवावा, वास्कोच्या संस्थेत चार प्रश्न विचारावेत. परतल्यावर बोटीतील पंगतीचे आणि वातानुकूलित खोलीचे वर्णन कमी करून काजळीचा, फुटलेल्या समुद्री बर्फाचा आणि बुडालेल्या पिल्लांचा हिशेब द्यावा. त्या हिशेबात स्वतःच्या तिकिटाचीही नोंद करावी. रांझीतला वाचक हेवा करावयास तयार नाही आणि गिऱ्हाईक होणे त्याला परवडत नाही. त्याने अंकाचे पैसे मोजले आहेत. त्याच्या वाट्याचा दक्षिण ध्रुव त्याला मिळालाच पाहिजे.