चर्चापीठांची ओहोटी आणि ज्ञानाचे भांडवल

इंटरनेटवरील जुनी चर्चापीठे एकामागून एक थंडावत आहेत. लोकांना वाचनाचा आलेला कंटाळा आणि समाजमाध्यमांचे आकर्षण ही दोन कारणे त्यासाठी सर्रास पुढे केली जातात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. या ऱ्हासाची बीजे पुष्कळदा चर्चापीठांच्या यशातच असतात.

जाणकाराने जाहीरपणे दिलेले उत्तर ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू होय. एकाने ते वाचल्याने दुसऱ्याच्या वाट्याला काही कमी येत नाही. मात्र श्रम लिहिणाऱ्या मोजक्यांचे असतात आणि लाभ सर्वांचा. मोठ्या समूहात लाभ फुकट मिळत असेल, तर सामायिक कामाचा भार उचलण्याची प्रेरणा क्षीण होते, हे मॅन्सर ओल्सन यांनी १९६५ मध्ये सांगितले. तरीही काही जण लिहितात. मानाची अपेक्षा असते, विषयाची गोडी असते आणि आज विचारणारा उद्या उत्तर देऊ लागेल, अशी आशाही असते. ही आशा म्हणजे चर्चापीठाचे बियाणे होय.

यूजनेटचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९७९ मध्ये टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी त्याची कल्पना मांडली. दर सप्टेंबरात विद्यापीठांतील नवे विद्यार्थी तेथे येत आणि जुनी मंडळी काही आठवड्यांत त्यांना तेथील रीतभात शिकवीत. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी सेवांनी आपल्या ग्राहकांना हे दार उघडून दिले. नवागतांचा ओघ बारमाही झाला आणि शिकवणारे हात अपुरे पडले. पुढे जाहिरातींचा कचरा साचला व जाणकारांनी काढता पाय घेतला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सनेही यूजनेटवरील नव्या मजकुराची देवघेव बंद केली. जुना संग्रह तेवढा वाचावयास उरला.

संगणक-आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी २००८ मध्ये निघालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने नेमका उलटा मार्ग धरला. दर्जा राखण्यासाठी नियम कडक केले. संग्रह समृद्ध झाला, पण 'हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला आहे' असा शेरा मिळून नवशिक्याचा प्रश्न बंद होऊ लागला. नियम समर्थनीय होता, परंतु त्याने नव्या माणसाचे पाऊल अडले. ओघ आधीच मंदावला असता नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. त्यानंतरच्या सहा महिन्यांत या चर्चापीठावरील लेखन सुमारे २५ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निघाला. यंत्र कोणालाही रागावत नाही. मात्र त्याची हुशारी अंशतः याच मंडळींच्या उत्तरांवर पोसलेली आहे.

खरी चिंता येथेच आहे. घसाऱ्याची तरतूद न करता भांडवल वापरणारा कारखाना काही काळ नफ्यात दिसतो, इतकेच. यंत्राला एकट्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चारचौघांच्या कामी येत नाही. उद्याच्या नव्या तंत्राविषयी अनुभवाने लिहिणारा कोण असेल? मराठीपुरतेही हे लागू आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'मायबोली'सारख्या ठिकाणी झालेली चर्चा वर्षांनंतरही अनोळखी वाचकाला सापडू शकते. व्हॉट्सॲपच्या गटातील उत्तम माहिती मात्र गटाबाहेरच्या कोणालाही दिसत नाही.

यावर उपाय पूर्णतः हाताबाहेरचे नाहीत. चर्चापीठाच्या चालकांनी एकूण सभासदसंख्येपेक्षा, पहिला प्रश्न विचारून गेलेला माणूस पुन्हा किती वेळा आला, याचा हिशेब ठेवावा. दर्जाचा आग्रह जरूर धरावा, पण नवशिक्यांसाठी वेगळी ओसरीही राखावी. ज्या कंपन्या या संग्रहावर नफा कमावतात, त्यांनी त्याच्या जोपासनेचा वाटा उचलावा, ही मागणीही रास्त आहे. तो उचलला गेला नाही, तर आजच्या तयार उत्तरांची किंमत उद्याच्या विद्यार्थ्यांना मोजावी लागेल.