डोक्यात गाठ निघाली? आत काय आहे, ते विचारा



वस्तीत कान वाहणाऱ्या पोराकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. मोठा झाला की थांबेल, असे म्हणून कानात कोमट तेल सोडतात. पण वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानातले जंतू हाड पोखरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात आणि तिथे पू साठतो. किडलेला दात, सायनस, डोक्याची जखम, जन्मजात हृदयदोष यांमुळेही असे होते. मग डोके असह्य दुखते, उलट्या होतात, फिट येते, एका बाजूचे हातपाय लुळे पडतात. ताप असतोच असे नाही.

इथे दोन प्रकारे घात होतो. फिट आली की काही जण देवऋष्याकडे धावतात. मिरजेत डॉक्टर झालेले साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर बुवाबाजीविरुद्ध लढले, २०१३ साली त्यांचा खून झाला. त्यांच्याच भागात फिटच्या पोरावरून उतारा टाकला जावा, ही लाजेची गोष्ट आहे. दुसरे काही जण 'गाठ' हा शब्द ऐकताच कॅन्सर समजून पेशंटला घरी आणतात. पण गाठ पुवाची असेल आणि वेळेत सापडली, तर पू काढून व साधारण सहा ते आठ आठवडे अँटिबायोटिक देऊन माणूस बरा होऊ शकतो.

अडचण अशी की पुवाची गाठ, कॅन्सरची गाठ आणि टीबीची गाठ स्कॅनवर पुष्कळदा सारखीच दिसते. कडेला वलय, मध्ये पोकळी. उपचार मात्र तिन्हींचे वेगळे. इथे एमआर स्पेक्ट्रोस्कोपी उपयोगी पडते. एमआरआयचेच यंत्र फोटोऐवजी गाठीत कोणती रसायने आहेत ते दाखवते. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. जंतूंच्या पुवात प्रथिने तुटून अमिनो आम्ले तयार होतात, ती दिसतात. हवेशिवाय वाढणारे जंतू असतील तर ॲसिटेट व सक्सिनेटही दिसू शकते. टीबीच्या पुवात अमिनो आम्ले सहसा दिसत नाहीत. कॅन्सरमध्ये कोलीन वाढलेले असते. यावर लखनौच्या संजय गांधी पीजीआयमधल्या डॉक्टरांनी मोठे काम केले असून २००४ साली ते 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात छापून आले.

ही तपासणी म्हणजे अंतिम निकाल नव्हे. अँटिबायोटिक सुरू झाले की चित्र बदलते, आणि जंतूचे नाव पक्के करायला पू तपासावाच लागतो. पण योग्य उपचार लवकर सुरू व्हायला तिची मदत होते.

म्हणून माझे म्हणणे असे, की ही श्रीमंतांची चैन समजू नये. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्यातही आता झाले आहे. दोन्हीकडे ही सोय आणि ती वाचणारा तज्ज्ञ गरिबाला मिळालाच पाहिजे, ही मागणी आपल्या मंडळांनी लेखी करावी. पेशंटजवळ असाल तर डॉक्टरांना विचारा, "गाठ पुवाची असू शकते का? स्पेक्ट्रोस्कोपीची गरज आहे का?" खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

आणि ही वेळच येऊ नये म्हणून वाहता कान आजच दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत, अंगणवाडीत येते. मुलाचा कान वाहतो, हे त्यांना स्वतः सांगा. कारणाशिवाय दुःख नाही, हे बुद्धांनी शिकवले. इथे कारण कानात आहे आणि त्यावर औषधही आहे.