दोह्यातले डोहाळे

मागच्या महिन्यात आपल्यातल्याच एका सूनबाईचं डोहाळेजेवण झालं. फुलांची वाडी, धनुष्यबाण, पेढा की बर्फी, सगळं यथासांग. मी पुरुषमंडळींबरोबर कोपऱ्यात होतो, पण कान तिकडेच. प्रत्येक काकू-मावशी ओटी भरता भरता एक सूचना देऊन जायची. पपई नको, अननस नको, तीळ उष्ण, आणि आता दोघांचं जेव हो!

मला आमचे दिवस आठवले. बारा वर्षांपूर्वी हीच यादी आमच्याकडे पुण्याहून आणि साताऱ्याहून रोज फोनवर यायची. सौ.ने ती काटेकोर पाळली. काय खाऊ नये हे तिला तोंडपाठ होतं. (मलाही!) पाचव्या महिन्यात इथल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढे ठेवला. बी-१२ फार कमी, ड जीवनसत्त्वही कमी. त्यांनी विचारलं, "दूध-दही रोज घेता ना?" सौ. म्हणाली, "घेते की, चहात." मी परदेशात एम.एस. केलेला माणूस, रास लफानला कॉम्प्रेसरच्या आलेखावरून बिघाड ओळखतो. घरच्या ताटात काय कमी आहे ते मात्र कळलं नव्हतं. त्या रात्री दोघांनाही झोप नव्हती. पुढे इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, आणि लेक सुखरूप आली.

नंतर हौसेने वाचत गेलो तेव्हा कळलं, की या विषयावरचं मोठं काम आपल्या पुण्यातच झालंय. १९९३ पासून के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आहार नोंदवला. बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही खाली. गंमत अशी, की आईने एकूण किती उष्मांक नि प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या वजनाशी संबंध दिसला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. म्हणजे 'दोघांचं जेव' याला फारसा आधार नाही. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात, दोन पोळ्या आणि पेलाभर दूध, बस. त्याच गावांत निम्म्याहून जास्त आयांमध्ये बी-१२ कमी निघालं. ते वरणभातात नाही, भाजीत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच. शाकाहारी घरांनी हे आधीच तपासून घ्यावं. फॉलिक अॅसिडची गोळी तर दिवस राहण्याआधीच सुरू करायची असते, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते.

आणि ड जीवनसत्त्व? इथे ऊन काय कमी आहे! पण आपण एसी घरातून एसी गाडीत, तिथून एसी मॉलमध्ये. उन्हाळ्यात बाहेर पडणार तरी कोण?

पपईचं म्हणाल तर कच्चीतला चीक वाईट. पिकलेली बिचारी फुकट बदनाम झाली.

तर त्या कार्यक्रमात सौ. सूनबाईजवळ जाऊन बसली आणि हळूच विचारलं, "बी-१२ बघितलंस का गं?" ती म्हणाली, "नाही काकू. मी दूध पीतच नाही, वास येतो. पण हे कुणी विचारलंच नाही मला." दुसऱ्या दिवशी दोघी तपासणीला गेल्या. येताना सौ.ने तिच्यासाठी दही लावायला आमच्याकडचं विरजण दिलं.