हाक मारणाऱ्याने आधी ऐकावं



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधे लिहिणं झालं नाही, कारण महिनाभर आमच्या घरात एक हंस ओरडत होता!

घाबरू नका, हंस पाळलेला नाही. गोराई दोनच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच कशीबशी मावतो. झालं असं, की जूनमध्ये अमेरिकेहून नातू आला होता. वय वर्षे सतरा. लेक-जावई मिनेसोटा राज्यात रॉचेस्टरला असतात. त्याच्या बॅगेतून कपडे कमी आणि चार्जर जास्त निघाले, आणि त्यांतच मुठीत मावेल अशी एक नळी. ती त्याने तोंडाला लावली मात्र, असा काही आवाज निघाला की खालच्या मजल्यावरच्या बाई "काय पडलं का हो?" म्हणून विचारायला वर आल्या.

हा 'गूज कॉल'. हंसांना बोलवायचं वाद्य, आणि बोलवायचं कशाला, तर शिकारीला. हे कळल्यावर आमच्या सौ.ने दोन दिवस नातवाशी धड बोलणं टाकलं. मी मात्र, खरं सांगतो, त्या नळीच्या नादाला लागलो. जन्मभर शिकवण्याचा धंदा केला, त्यामुळे कोणी काही शिकत असलं की मला तिथून हलवत नाही.

नळीच्या आत एक खोबण असते आणि तिच्यावर प्लॅस्टिकची पातळ पत्ती बसवलेली असते. आपल्या सनईला जशी पत्ती, तशीच म्हणा. ही पत्ती आखूड, म्हणून झटपट आवाज बदलते, आणि म्हणूनच शिकायला अवघड. नुसतं फुंकलं तर पिपाणी वाजते. वारा गालातून नाही, पोटातून यावा लागतो. आरशावर वाफ धरताना सोडतो तसा गरम श्वास. नळीच्या दुसऱ्या तोंडाशी हाताची ओंजळ धरून तो वारा थोडा अडवायचा. मग पत्ती खालच्या, घोगऱ्या सुरावरून एकदम वरच्या सुरावर उडी मारते. ती उडी म्हणजेच हंसाचा 'होंक'. मी आठ दिवस प्रयत्न केला. हंस काही निघाला नाही. नातवाच्या मते म्हैस बरी निघाली.

नातू म्हणाला, "आजोबा, आवाज काढणं सोपं आहे. कधी गप्प बसायचं, ते कठीण." हंसांचा थवा आपल्याकडे तोंड करून येत असला, तर आवाज कमी करायचा किंवा थांबायचंच. थवा वळून लांब निघाला, की मग हाक द्यायची. म्हणजे सगळं लक्ष त्यांच्याकडे हवं. आणि हंसाला हाक असते ती सोबतीची: इथे या, आम्ही आहोत, चारा आहे. ती खोटी असते हे खरं, आणि सौ.चा राग त्याच खोटेपणावर होता.

हे ऐकताना मला वऱ्हाडातलं आमचं गाव आठवलं.

१९५८-५९ ची गोष्ट असेल. गावाबाहेर पडीक रानात फासेपारध्यांची चार-पाच पालं पडत. त्यांतल्या एकाला आम्ही पोरं मामा म्हणायचो. तो तोंडाशी ओंजळ धरून तितराची बोली काढायचा, 'कतीतर, कतीतर', की पलीकडच्या धुऱ्यावरून हुबेहूब उत्तर यायचं. नर तितराला वाटायचं, आपल्या हद्दीत कोणी दुसरा शिरला. भांडायला म्हणून तो तरातरा येई आणि घोड्याच्या केसांच्या फाशांत अडके. मामाच्या पिंजऱ्यात एक पाळलेला तितरही असे, तोही साद घाली. मला ती बोली शिकायची फार हौस. मामा म्हणायचा, "पोरा, हे तोंडाचं काम नाही, कानाचं हाये. पयले आयक, मंग बोल." त्याने मला महिनाभर नुसतं ऐकायला लावलं. सकाळची बोली वेगळी, भांडणाची वेगळी, मादीला द्यायची वेगळी. माझ्या पुढच्या कुठल्याही गुरुजींनी मला इतकं नीट शिकवलं नाही.

पुढे गावात एका घरी चोरी झाली. पहिली धाड पालांवर पडली. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्याने ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, त्यांत पारधी होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला होता, पण गावाच्या डोक्यातून रद्द झाला नव्हता. मामाला नेलं. चोरीच्या रात्री तो आणि मी अंधार पडेपर्यंत रानात होतो, आणि तिथून तो माझ्यासमोर पालावर जाऊन झोपला होता, हे मला ठाऊक होतं. मी आठ-नऊ वर्षांचा. वडिलांना घाबरून बोललो नाही. महिन्याभरात पालं उठली. मामा परत दिसला नाही. साठाहून जास्त वर्षं झाली, हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येतो.

नातवाला घेऊन एका सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. पावसाच्या तोंडाशी तिथे नवरंग येतो. निळा, हिरवा, पिवळा, पोटाशी लाल. नावाप्रमाणेच सगळे रंग अंगावर. विणीसाठी येतो, म्हणून हद्द राखायला सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो. ती शीळ आम्हाला ऐकू आली. पण जवळ जाऊन पाहतो तो, पालापाचोळ्यात एक छोटा स्पीकर, मोबाईलवरून तीच शीळ पुन्हा पुन्हा, आणि भोवती मोठ्या लेन्सवाले पाच-सहा जण. खरा नवरंग दगडावर उतरला होता. मान वर करून उत्तर देत होता, इकडे उडी, तिकडे उडी, न दिसणारा शत्रू शोधत होता. वीस मिनिटं मी घड्याळात मोजली. वीस मिनिटं त्याने ना किडा टिपला, ना घरट्याकडे गेला.

नातू माझ्या कानाशी म्हणाला, "आजोबा, हे तर चीटिंग आहे. आमच्याकडे चालत नाही."

मला हसू आलं, मग लाज वाटली. घरी येऊन मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. अमेरिकेत हंस-बदकांच्या नेहमीच्या शिकारीला रेकॉर्ड केलेले आवाज वापरायला कायद्याने मनाई आहे. काही ठरावीक वेळी सूट असते, ती वेगळी. जिवंत पक्षी आमिष म्हणून बांधणं तर १९३५ सालीच बंद झालं. १९३४ पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला एक सरकारी स्टॅम्प विकत घ्यावा लागतो, आणि तो पैसा पाणथळ जागा राखायला जातो. नातवाच्या रॉचेस्टर गावातच १९६२ साली एका संशोधकाला मोठ्या जातीचे कॅनडा हंस सापडले. ते नामशेष झाले असं तोपर्यंत मानत होते. आज त्यांची संख्या इतकी, की लोक तक्रार करतात. म्हणजे ज्यांच्या हातात बंदूक आहे, त्यांनीही मान्य केलं, की हाक मारायची तर स्वतःच्या छातीतल्या वाऱ्याने मारा.

आणि आपण? आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळजवळ पूर्ण थांबली. चांगलंच झालं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्याच कायद्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचा. मारणं, पकडणं तर आहेच. आमिष दाखवणं, हुसकावणं आणि पक्ष्यांच्या बाबतीत घरट्याला, अंड्यांना त्रास देणं हेही त्यात येतं. स्पीकर त्यात बसतो की नाही, ते वकिलांनी ठरवावं. माझ्यापुरतं ठरलं आहे.

त्या लेन्सवाल्यांत माझा एक जुना विद्यार्थी होता. पाया पडला. म्हणाला, "सर, आम्ही थोडंच मारतो? फक्त फोटो." मी तिथे काही बोललो नाही. चारचौघांत त्याचा अपमान नको, असं स्वतःला सांगितलं. आता विचार करतो, तर तीच जुनी खोड. म्हणून हे लिहितो आहे, आणि त्याला पाठवणारही आहे.

आवाज वाजवणं सरसकट वाईट, असं माझं म्हणणं नाही. १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा ११३ वर्षांनी पुन्हा दिसला. पुढे तो आणखी कुठे उरला आहे हे शोधताना अभ्यासकांनी त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज वापरला. पण ते आवाज देऊन थांबत आणि उत्तर ऐकत. उत्तर ऐकण्यासाठीच तर तो खटाटोप होता. फोटोवाल्याच्या मोबाईलला उत्तर ऐकायचंच नसतं. पक्षी जवळ आला तरी तो वाजतोच, थकला तरी वाजतोच. नातवाला गप्प कधी बसायचं हे शिकायला दोन वर्षं लागली. यंत्राला ते कधीच येणार नाही.

माझं मत सरळ आहे. विणीच्या दिवसांत तरी पक्षी पाहणाऱ्यांच्या गटांनी स्पीकर घरी ठेवावा. कोणी सांगण्याची वाट पाहू नये. आणि ज्याला पक्षी बोलवायचाच आहे, त्याने स्वतःच्या तोंडाने बोलवायला शिकावं. बहुतेकांना ते जमणार नाही, पण शिकता शिकता महिनाभर ऐकावं लागेल, तेवढंच पुष्कळ. शिकवायला माणसंही आहेत. तितराच्या तीन बोली ओळखणारे कान आजही पालांवर असतील. त्यांची विद्या शिकारीसाठी नको, पण पक्षी मोजायला, रान राखायला ती मानाने, मोबदला देऊन मागावी.

नातवाने या सप्टेंबरात बंदूक हातात घ्यावी की नाही? आजी म्हणते नको. मी त्याला म्हटलं, तुझ्या देशाचा कायदा आणि तुझं मन, दोन्हींना विचार. एवढं लांब कान लावून ऐकल्यावर चाप ओढवला, तर ओढ. "विचार करतो," म्हणाला. त्यावर आजीने त्याच्या बॅगेत लाडवांचा डबा भरला. म्हणजे अर्धा समेट झाला.

जायच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "आजोबा, तुमचा तितर काढा ना." गच्चीवर गेलो. खाली खाडी, तिवरांवर बगळे परतत होते. ओंजळ तोंडाशी धरली. पहिल्या दोनदा नुसता वारा गेला. तिसऱ्यांदा निघाला, 'कतीतर, कतीतर'. गोराईत तितर कुठला? टाकीवरची कबुतरं तेवढी उडाली.

तरी सवयीने मी थोडा वेळ थांबलो, उत्तर येतं का ते ऐकत.