मोडलेली किल्ली आणि उतावळे हात

जुन्या मोटारीची किल्ली इग्निशनच्या कुलपात मोडली, की आपल्याकडे एकच निकाल ऐकू येतो : "कुलूप फोडा आणि नवे बसवा." हा निकाल देणारे न्यायाधीश पुरावा पाहत नाहीत, आरोपीचे म्हणणे ऐकत नाहीत, थेट फाशीच सुनावतात. या निकालाला आमचा विरोध आहे, आणि तो केवळ भावनेपोटी नाही.

गेल्या पावसाळ्यात बेळगावात आमच्या वडिलांच्या १९६६ सालच्या फियाटची किल्ली अशीच मोडली. एका गॅरेजातील मिस्त्रीने पकड घेतली, तुकडा आणखी आत ढकलला आणि मग ड्रिल मागविले. आम्ही त्याचा हात तेथेच धरला. पुढे खडेबाजारातल्या एका वृद्ध किल्लीवाल्याने पाऊण तासात तो तुकडा आमच्या तळहातावर ठेवला.

त्याने जादू केली नाही; कुलपाचे म्हणणे ऐकून घेतले. अशा कुलपात स्प्रिंगवर टेकलेल्या लहान लहान पत्र्या असतात. किल्लीचे दाते त्यांना एका रेषेत आणतात, तेव्हाच आतले नळकांडे फिरते. फिरलेल्या स्थितीत पत्र्यांना सरकायला जागाच उरत नाही. मग त्या किल्लीला सोडतील कशा? म्हणून त्याने प्रथम बॅटरीची तार काढली, कारण इंजिन बंद असताना इग्निशन चालू राहिले तर कॉइल तापते. मग बारीक पेचकसाने नळकांडे मूळ जागी आणले, ग्राफाईटची पूड फुंकली, आणि करवतीचे अरुंद पाते दात आपल्याकडे वळवून तुकड्याच्या कडेने आत सरकविले. दात रुतताच हलकेच ओढले. दोन्ही तुकडे जुळवून त्यांवरूनच त्याने नवी किल्ली कापली.

प्रतिपक्ष म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर सरळ आहे. अयशस्वी प्रयत्नानंतरही कुलूप फोडता येते. फोडल्यानंतर मात्र प्रयत्नाला वाव नाही. शिवाय अशा गाडीचे नेमके कुलूप सहजी मिळत नाही. मिळेल ते बसविण्यासाठी मग पत्रा कापा, तारा तोडा, असे सुरू होते. रोगापेक्षा औषध भयंकर!

कायद्याचा आधार आम्ही ओढूनताणून घेणार नाही. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र स्थान मिळाले. तेथे सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांतील मोठ्या फेरफारांचा विचार आहे, कुलपाचा नाही. परंतु कायदा किमान मर्यादा सांगतो. त्यापुढचा विवेक मालकाचा.

पत्र्याच झिजून गेल्या असतील, तर कुलूप खुशाल बदलावे. आमचे भांडण बदलाशी नाही, क्रमाशी आहे. आणि दोषारोप करताना आम्ही स्वतःलाही वगळीत नाही. किल्ली एका दिवसात मोडत नाही. तिच्या मानेवरची चीर आम्ही कित्येक महिने पाहत होतो. तरी घराच्या, कचेरीच्या, कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा तिलाच लटकवीत होतो. कुलूप अडले की तेल न घालता मनगटाचा जोर लावीत होतो. दुसरी किल्ली करून ठेवण्याचे तर सुचलेच नाही. मिस्त्रीचा उतावळेपणा पाऊण मिनिटाचा. आमची हयगय वर्षभराची!

जाताना आम्ही त्या वृद्धाला विचारले, हे काम पुढे कोण करणार? तो म्हणाला, "साहेब, मुलगा इथं बसत नाही. लोक मोडायच्या आधी येत नाहीत, मोडल्यावर फोडून येतात." आमच्या साऱ्या युक्तिवादाहून हे एक वाक्य अधिक वजनदार आहे. ज्या गावात फोडणारे हात वाढतात आणि काढणारे हात उठून जातात, त्या गावात उद्या केवळ मोटारीच अडून राहणार नाहीत.