बेडकांचे रंग आणि चोरबाजाराचा हिशेब

२०२४ च्या जानेवारीत कोलंबियात, बोगोटाच्या विमानतळावर एका ब्राझीलियन महिलेच्या सामानात १३० बेडूक सापडले. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डब्यांत कोंबलेले, पाण्याविना सुकलेले. एका स्थानिक वस्तीने ते आपल्याला भेट दिले, असे बाईंचे म्हणणे. शौकिनांच्या बाजारात एकेकाला हजार डॉलरपर्यंत भाव येतो, असे पोलिसांनी सांगितले. भेट मोठीच म्हणायची!

हे ‘पॉयझन डार्ट फ्रॉग’. कोलंबियातले एंबेरा आदिवासी फुंकनळीच्या बाणांना यांतल्या मोजक्याच जातींचे विष लावत. नाव मात्र साऱ्या कुळाला चिकटले. गंमत अशी, की काचपेटीत जन्मलेल्या बेडकात हे विष नसतेच. ते येते रानातल्या मुंग्या आणि बारीक किडे खाण्यातून. तेव्हा शौकीन पैसे मोजतो ते रंगाचे.

आणि रंग तरी किती! पनामातल्या बोकास देल तोरो बेटांवर ‘स्ट्रॉबेरी’ बेडकाची जात एकच, पण कुठे लाल, कुठे नारिंगी, कुठे हिरवी. शौकीन रंगाला बेटाच्या नावाने ओळखतात. आपण आंबा देवगडचा की रत्नागिरीचा ते विचारतो तसे. दोन ठिकाणच्या रंगांचा संकर जाणकारांना खपत नाही. बँकेत तारण घेताना आम्ही मालाआधी कागद पाहत असू. इथेही मूळ गाव ठाऊक नसलेल्या बेडकाची पत घसरते. पण प्रत्येक रंगाचा वंश वेगळा राखायचा, तर थोड्याच जोड्यांवर पिढ्या काढाव्या लागतात. मग ‘नव्या रक्ता’ची मागणी निघते आणि ती रानाकडे बोट दाखवते.

सुरिनामचा निळा बेडूक पेटीत सहज वीण घालतो, त्यामुळे त्याची पैदास भरपूर आहे. कोलंबियाच्या अंचिकाया खोऱ्यातल्या लेहमान बेडकाचे तसे नाही. काळ्या अंगावर लाल किंवा पिवळे पट्टे असलेली ही जात नष्ट होण्याच्या टोकाला आली आहे. तिची मादी एकेक बेडूकमासा पाठीवरून नेऊन पानांच्या बेचक्यातल्या पाण्यात सोडते आणि पुन्हा पुन्हा तिथे जाऊन आपली न फळलेली अंडी त्याला खाऊ घालते. असे पोसणे माणसाला सहज जमत नाही. माल कमी, भाव चढा. पैदास करण्यापेक्षा रानातून उचलणे स्वस्त. नुसत्या बंदीने हे गणित बदलत नाही, उलट भाव वाढतो.

इव्हान लोझानो यांनी ‘तेसोरोस दे कोलंबिया’ हे केंद्र काढले ते हे ओळखूनच. बेडूक तिथेच वाढवायचे, रीतसर परवान्याने अमेरिका-युरोपात पाठवायचे आणि चोराचा भाव पाडायचा. धंद्याने धंद्याला मारणे काही निसर्गप्रेमींना रुचत नाही. मला ते पटते. मात्र लोझानोंची कित्येक वर्षे परवान्यांच्या खेपा घालण्यात गेली. ज्या जातींची चोरी सर्वाधिक, त्यांचे परवाने कोलंबिया सरकारने आधी हातावेगळे करायला हवेत. तोवर विमानतळावर आणखी डब्या सापडतील, आणि न सापडलेल्या पुढे जातील.